दंड फक्त ५०० रुपये: अपघाताच्या क्लेममधली टक्केवारी

समजा एक ३८ वर्षांचा कंत्राटी कामगार, पगार महिना १५,०००, घरी बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. ट्रकने उडवलं आणि जागेवर गेला. आता भरपाई किती मिळणार? हा हिशोब आधी नीट बघूया कारण वकिलांसाठी अपघाताच्या केस पकडून आणणाऱ्या दलालांचा सगळा खेळ याच आकड्यासाठी चालतो.

(स्क्रीनवर एकेक ओळ)

वर्षाचा पगार १,८०,०००. वय चाळिशीच्या आत, पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. माणसाचा स्वतःवरचा खर्च चौथा हिस्सा वजा, कारण मागे चार जण अवलंबून, राहिले १,८९,०००. ३६ ते ४० वयाला गुणक १५, म्हणजे ही रक्कम १५ ने गुणायची. झाले २८,३५,०००, वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे. सुप्रीम कोर्टाने सरला वर्मा २००९ आणि प्रणय सेठी २०१७ या दोन निकालांमधे ही पद्धत घालून दिलीय, आणि ट्रकचा थर्ड पार्टी विमा असेल तर पैसे इन्शुरन्स कंपनी भरते.

त्या बाईला यातलं काहीच माहिती नसतं. पण दुसऱ्या कुणालातरी असतं.

दहावा-तेरावा व्हायच्या आत दारात एक जण येतो. ताई, तुम्ही कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढणार, तुम्हाला एक रुपया द्यायचा नाही, क्लेम पास झाला की बघू, फक्त इथे सही करा. ते वकीलपत्र असतं, त्याच्याखाली दोन-तीन कोरे कागद पण सरकवलेले असतात. त्याला पत्ता कोण देतं? कधी वॉर्डबॉय, कधी ॲम्ब्युलन्सवाला, कधी पोलिस स्टेशनात पंचनाम्याचे कागद हाताळणारा कोणीतरी, आणि प्रत्येकाचा कट ठरलेला. सगळे असे नसतात, एमएसीटीत, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, रात्रंदिवस प्रामाणिक काम करणारे वकील खूप आहेत, आणि या दलालांचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो कारण पेशंट आयसीयूत असतानाच केस दुसरीकडे गेलेली असते.

आता समजा क्लेम पास झाल्यावर दलाल आणि त्याच्या वकिलाने मिळून यातला चौथा हिस्सा कापून घेतला. २८,३५,००० चा चौथा हिस्सा ७,०८,७५०. दोन पोरांचं शिक्षण गेलं त्यात.

बार कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिचा नियम २० सरळ सांगतो की वकिलाने निकालावर फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही. नियम ३६ सांगतो दलाल लावून काम मिळवायचं नाही. म्हणजे मनाई आहे, कधीपासूनच आहे. मग शिक्षा काय?

(स्क्रीनवर कायद्याचं पान)

२०२३ मधे संसदेने ॲडव्होकेट्स ॲक्टमधे कलम ४५ए घातलं, ३० सप्टेंबर २०२४ पासून ते लागू झालं. दलालाला जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे! विदाऊट लायसन गाडी चालवली तर ५,००० भरावे लागतात. आणि हा आकडा कुठून आला माहितीय का, १८७९ च्या ब्रिटिश काळातल्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमधून, तो कायदा रद्द केला आणि त्यातला दंड जसाच्या तसा उचलून नव्या कलमात ठेवला.

बरं, ही शिक्षा पण कुणाला, तर ज्याचं नाव आधीच कोर्टाच्या दलालांच्या यादीत आहे त्याला. यादीत नाव घालायच्या आधी त्याला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, ते बरोबरच आहे, पण तोपर्यंत जे केलं त्याचं काय? यादीत नाव गेलं की त्याला कोर्टाच्या आवारात यायला बंदी घालता येते. अहो पण हा माणूस कोर्टात बसतच नाही, तो कॅज्युअल्टीच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसतो.

हे पुढे किती वाढतं ते उत्तर प्रदेशात दिसलं. तिथे खोट्या अपघात दाव्यांसाठी अलाहाबाद हायकोर्टाने २०१५ मधे एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमलं, इन्शुरन्स कंपन्यांकडून संशयास्पद अशी १,३७६ प्रकरणं त्याच्याकडे आली, आणि २०२१ मधे सुप्रीम कोर्टाने खडसावल्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाने २८ वकिलांना निलंबित केलं. गाडी खोटी, ड्रायव्हर खोटा, कधी अपघातच खोटा. त्या पैशाचा भार शेवटी प्रत्येक गाडीमालकाच्या प्रीमियमवर येतो.

अमेरिकेत फ्लोरिडात अपघाताचे पेशंट क्लिनिकला पाठवून कमिशन खायचा धंदा असाच माजला होता. २०१७ मधे तिथल्या कायद्याचे दंड वाढवले, मुख्य निमित्त व्यसनमुक्ती केंद्रांचं होतं पण कायदा सगळ्या पेशंटना लागू. वीस किंवा जास्त पेशंटची दलाली असेल तर दंड ५ लाख डॉलर, आणि गुन्हा कमिशन देणाऱ्यावरही, घेणाऱ्यावरही. ही दोन्ही बाजू पकडायची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण नुसता दलाल पकडला तर उद्या दुसरा उभा राहतो, पैसे देणारा हात तोच.

आणि आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. विमा कायद्याच्या कलम ४१ मधे एजंटने कमिशनमधून ग्राहकाला सूट द्यायला बंदी आहे, तिथे पण दंड आधी ५०० रुपयेच होता, २०१५ मधे तो थेट १० लाखांपर्यंत नेला. पॉलिसी विकताना सूट दिली तर १० लाख आणि विधवेचा क्लेम विकला तर ५००, हे कसं चालेल? कलम ४५ए मधला आकडा निदान लाखांमधे पाहिजे, आणि वकील, हॉस्पिटल, पोलिस, जो कोणी नाव-पत्ता विकतो किंवा विकत घेतो त्या प्रत्येकाला यादीची वाट न बघता तो लागू पाहिजे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आत्ता घरात असा प्रसंग आला असेल तर २०२२ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे पोलिसांनी दहा दिवसांत फॉर्म २ द्यायचा असतो, त्यात पीडितांचे सगळे हक्क लिहिलेले असतात, नाही दिला तर मागून घ्या. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, नंबर आहे १५१००.