वारा पडेपर्यंत

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना सरत आला की साताऱ्याकडं वळवाचे दिवस सुरू होतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा, आणि चारच्या सुमाराला यवतेश्वराच्या बाजूनं आभाळ भरून येतं. अशा दिवसांत धनुर्विद्येच्या क्लबनं शनिवार-रविवारचं शिबिर ठेवायचं का, असं पालक विचारतात. ठेवायचं. जरूर ठेवायचं. मोठ्या स्पर्धा बहुतेक उघड्या मैदानावरच होतात. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, कंपाऊंड प्रकारात, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात, १५० पैकी १४९ गुण घेऊन. त्याच दिवशी, मूळचा नागपूरचा पण साताऱ्यात सराव केलेला ओजस देवतळे दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून विश्वविजेता झाला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याआधीच टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. ही सगळी मुलं उन्हावाऱ्यातच तयार झाली.

वारा बाणाचं काय करतो, ते थोडक्यात सांगतो. ऑलिंपिकमधल्या रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेल्या, धनुष्याचा बाण ७० मीटर जायला सव्वा सेकंदाच्या आसपास घेतो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं १२.२ सेंटिमीटरचं. त्या सव्वा सेकंदात आडव्या वाऱ्यानं बाण वीतभर ढकलला, की दहा गेले. वारा एकसारखा वाहत असेल तर नेम त्याच्याकडं थोडा सरकवता येतो. वळवाच्या आधीचा वारा मात्र एकसारखा नसतो. तो झोत देतो, मध्येच पडतो, परत उलट्या दिशेनं येतो. तेव्हा नेम सरकवून भागत नाही. ओढलेलं धनुष्य उतरवायला यावं लागतं. पुन्हा सांगतो, मुलांनो, नीट ऐका. ओढलेलं धनुष्य बाण न सोडता खाली घ्यायला यावं लागतं.

वाऱ्याचा अंदाज घ्यायला आमच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवलेत आणि त्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्यात. मैदान मातीचं आहे आणि मातीचंच राहावं असं मला मनापासून वाटतं. शाळा-शाळांतून, देवळांच्या आवारांतून सगळीकडं पेव्हर ब्लॉक घालत सुटलेत. मुलांचे गुडघे फुटतात, पाणी मुरत नाही, उन्हात पाय ठेवता येत नाही. एक तरी मोकळी जागा मातीची ठेवा हो, गावकऱ्यांनो.

असो. आमच्या शिबिरातल्या एका शनिवारची गोष्ट सांगतो.

शिबिरात शेवटी लहान गटाची लढत होती. इंडियन राऊंड, म्हणजे बांबूचं धनुष्य, त्याला साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नाही, काही नाही. अंतर ३० मीटर. एका बाजूला नववीतला मुलगा, चपळ, हाताला पक्का. दुसऱ्या बाजूला सातवीतली एक मुलगी, आजीबरोबर एस.टी.नं आलेली. शेवटचे तीन बाण राहिलेले, वेळ दोन मिनिटं. मुलानं आपले तीन बाण भराभर मारले आणि तो मागं येऊन उभा राहिला. मुलीनं दोन मारले. आता आठ गुण मिळाले तर बरोबरी, नऊ मिळाले तर जिंकली.

तिनं तिसरा बाण लावला, धनुष्य ओढलं, आणि तेवढ्यात उसाच्या शेताकडून झोत आला. चिंध्या आडव्या झाल्या. तिनं धनुष्य उतरवलं. परत ओढलं, परत झोत, परत उतरवलं. कुंपणाबाहेर लोक ओरडायला लागले, "सोड, सोड, वेळ संपतोय!" मोठ्या माणसांनी असं ओरडू नये. नेम धरलेल्या मुलाच्या कानात तुमचा आवाज गेला की त्याचा खांदा हलतो. आजी मात्र गप्प बसून होती. पोरीकडं नाही, चिंधीकडं बघत होती.

तिसऱ्यांदा उतरवलं. घड्याळात वीस सेकंदं उरली. धुरळा उडून डोळ्यांत जात होता. आणि एकदम वारा पडला. चिंधी बांबूला चिकटून खाली लोंबली. पोरीनं ओढलं, हनुवटीला दोरी टेकवली आणि सोडलं.

आठ! बरोबरी झाली.

टाळ्या संपायच्या आत यवतेश्वरावर वीज चमकली. पंचांनी पाच शिट्ट्या मारल्या. पाच शिट्ट्या म्हणजे सगळं तिथल्या तिथं थांबवायचं. बाण आणायला टार्गेटकडं पळायचं नाही. आम्ही सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीत गेलो आणि मागं सरींवर सरी कोसळल्या.

व्हरांड्यात मी आजींना विचारलं, "आजी, तुम्ही पोरीला काही सांगितलं होतं का?" त्या म्हणाल्या, "म्या काय सांगायचं? खळ्यावर संगट असती ती. मी वावडीवर हुबी ऱ्हायली की ही खालनं पाटी देती. वारं नसलं तर दाणं वतून उपेग न्हाई. हात भरून आला तरी वाट बगायची. तिला म्हायती हाय." वावडी म्हणजे धान्य उफणताना उभं राहायची उंच तिवई. उफणणीला वारा हवा आणि बाणाला वारा नको, पण वाट बघणं तेच.

बरोबरी सोडवायला रविवारी सकाळी दोघांना एकेक बाण दिला. ज्याचा मध्याला जवळ, तो जिंकला. पोरीनं सोडला, चांगला लागला. मग मुलाची पाळी. त्यानं ओढलं, चिंधी हलली, आणि आदल्या दिवशी तीन बाण भराभर मारणाऱ्या त्या मुलानं धनुष्य उतरवलं. थांबला. परत ओढलं. त्याचा बाण बोटभर जवळ लागला. मुलगा जिंकला.

आता विजेचं तेवढं सांगतो, वेळ होत आलीय. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंदाला एक असे आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला तरी अर्धा तास.

भिजलेलं बांबूचं धनुष्य दोरी उतरवून सावलीत वाळवा, उन्हात नको, तडकतं. दोरीला मेण लावा. पिसांचे बाण भिजले असतील तर पिसं पुरती सुकेपर्यंत मारू नका, बाण भरकटतो. आणि येत्या शनिवारी येताना पंचा आणि कोरडे कपडे आणा. सकाळी साडेसहाला सुरुवात आहे.

नमस्कार.