ब्रेन ट्यूमरचे शेवटचे दिवस: तोंडात पाणी घालण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं, कागल-गडहिंग्लजकडनं एकच प्रश्न सारखा येतोय: ‘पेशंटला घरी न्या म्हणालेत, आता पुढं काय होणार?’

कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही. आत गाठ आणि सूज वाढली की मेंदू दाबला जातो. त्यातनंच झोप वाढते, पार 20-20 तास. एक बाजू लुळी पडते, बोलणं अडखळतं, लघवीचं भान राहत नाही.

पण आजचा मुद्दा गिळण्याचा आहे. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. पेज नको, पांढऱ्या रश्श्याचं नुसतं पाणीही नको. ‘पाणीच तर आहे’ म्हणता, पण पाणीच सगळ्यात अवघड. ते झरकन मागं उतरतं, श्वासनळीचं झाकण वेळेवर मिटत नाही, पाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. घोटानंतर खोकला, ओला घरघरता आवाज, गालात साठलेला घास, ही खूण दिसली की थांबा. पूर्ण जागे असतील आणि स्वतः मागत असतील, तरच ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन अर्धा चमचा द्या. गिळलेलं दिसल्यावरच पुढचा.

भेटायला आलेली आत्या म्हणणारच, ‘उपाशी ठेवलंय व्हय?’ तिला सांगा, खात नाहीत म्हणून ते चाललेले नाहीत. शरीर थांबत आलंय म्हणून भूक गेलीय. सलाइनचंही तेच. आता शरीराला ते पेलत नाही, सूज आणि घशातली घरघर तेवढी वाढते.

तोंडाला कोरड मात्र खरी पडते. बोटाला गॉज गुंडाळा, पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि दर दोन तासांनी ओठ, हिरड्या, जीभ पुसा. गंगाजल किंवा पंचगंगेचं पाणी द्यायचंय? जरूर द्या. तुळशीचं पान बुडवून झटका आणि ओठांवर टेकवा. चमचा नको.

गिळणं गेलं की फिटच्या गोळ्याही सुटतात, हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम औषधाचा नाकातला स्प्रे डॉक्टरांकडनं आधीच लिहून घ्या. फिट आली की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको. 5 मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत स्प्रे मारा. सुजेची डेक्सामेथासोनची गोळीही आपल्या मनानं एकदम बंद करू नका; गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

अगदी शेवटी श्वास खोल होतो, मग काही सेकंद थांबतो, परत सुरू होतो. पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर चट्टे दिसतात. घशातली घरघर ऐकून घरच्यांच्या काळजाचं पाणी होतं. पेशंटला बहुधा ती जाणवतही नाही. कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा. कपाळावर आठ्या, कण्हणं दिसलं तर ते दुखणं धरा आणि डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारा. त्यांना ऐकू येतंय असंच समजून बोला. उशाशी वाटणीचा विषय नको.

आणि फॅमिली डॉक्टरांना आजच कल्पना देऊन ठेवा. घरी प्राण गेला तर मृत्यूचा दाखला डॉक्टरांकडनंच घ्यावा लागतो, आणि रात्री दोन वाजता नवा डॉक्टर शोधणं फार अवघड जातं.