ब्रॉयलर कोंबडी: शेडपासून ताटापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

पाय बांधून दुचाकीच्या दोन्ही बाजूंना उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण वेदना होतील अशा रीतीने त्यांची ने-आण करणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु हा विषय आपण भूतदयेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पक्ष्याच्या हालांचा आपल्या ताटाशीही संबंध आहे, आणि त्याविषयी आज बोलायचे आहे.

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरतो. शेडमध्ये त्याच्या पायाखाली भाताच्या तुसाचे लिटर, म्हणजे अंथरूण, असते. ते वेळच्या वेळी खालीवर केले नाही, पाण्याच्या भांड्यांभोवती ओले राहिले आणि त्यातच पक्ष्यांची दाटी झाली, की विष्ठेतून अमोनिया सुटतो व आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरतात. आपण बाहेर येतो. पक्षी तिथेच राहतो, त्याचे तळपाय सोलवटतात, श्वासाचे विकार जडतात आणि मर वाढते. हवा खेळती ठेवणे आणि दाटी कमी करणे हा खरा उपाय खर्चिक असल्यामुळे पाण्यातून वा खाद्यातून प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) देण्याची सोपी वाट धरली जाते. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे बहुधा कंपनीकडूनच येतात, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला धारेवर धरणे मला रास्त वाटत नाही.

इतर औषधे निकामी ठरल्यावर अतिदक्षता विभागातील रुग्णाला दिले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक आपल्याकडे कोंबड्यांच्या वाढीसाठीही वापरले जात होते. या औषधाला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये जगापुढे आणले. केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. युरोपीय संघाने तर केवळ वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६च्या आरंभीच थांबवले होते.

घरी कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर साल्मोनेलासारखे जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर पसरतात. चिकन नीट शिजवले की हे जिवाणू मरतात. मांसात उरलेले औषधांचे अंश मात्र शिजवल्याने हमखास नाहीसे होत नाहीत. त्यासाठी औषध थांबवल्यानंतर ठरलेले दिवस उलटल्याखेरीज पक्षी विक्रीला काढता कामा नये, आणि त्या दिवसांची नोंद शेडवर खरोखर ठेवली जाते का, हे तपासणे तुमच्या-माझ्या हातात नसून शासकीय यंत्रणेचे काम आहे.