मार्चअखेर न्यूयॉर्कवर जांभळा नकाशा! खरा स्नो किती धरायचा?

नमस्कार मंडळी. मार्च अर्धा सरला की आपल्या कमेंटमध्ये एक नकाशा हमखास येऊन पडतो. न्यूयॉर्क शहरावर गडद जांभळा डाग, मधोमध 14 नाहीतर 16 असा स्नोच्या इंचांचा आकडा, आणि खाली प्रश्नांची रांग. न्यू जर्सीतल्या एडिसनला किती? जर्सी सिटीहून मंगळवारी ऑफिसला जाता येईल का? पुण्याहून आईबाबा निघतायत, विमान उतरेल का? नकाशा बहुतेक वेळा आठ-नऊ दिवस पुढचा. कुठल्या मॉडेलचा, म्हणजे हवेचं गणित करणाऱ्या कुठल्या संगणकी प्रोग्रॅमचा, कितव्या तासाचा, काही पत्ता नाही. तिथले हवामानवेडे अशा नकाशाला ‘क्लाउन मॅप’ म्हणतात, विदूषकाचा नकाशा. आणि तरी रात्री दोन वाजता जागून तोच बघतात, तो भाग वेगळा.

पाया पटकन उरकते. नॉरईस्टर म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारं कमी दाबाचं क्षेत्र. वारा ईशान्येकडून येतो म्हणून हे नाव. केंद्र 40 अंश उत्तर, 70 अंश पश्चिम या बिंदूजवळून गेलं, ज्याला बेंचमार्क म्हणतात, तर शहराला स्नोची संधी चांगली. किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्रावरची हवा आत शिरते आणि पाऊस. फार बाहेरून गेलं तर कोरडं. झालं.

मॉडेल. अमेरिकेचं जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं. युरोपियन मॉडेलचे, म्हणजे ‘युरो’चे, मोठे रन, म्हणजे एकेक वेळचं पूर्ण गणित, 00 आणि 12 यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ तासभर पुढे जातं, मॉडेल मात्र यूटीसीवरच चालतं. त्यामुळे एकच्या आसपास येणारा रात्रीचा युरो दोनच्या आसपास यायला लागतो, म्हणून ते जागरण. भारतातून बघणाऱ्यांची चंगळ आहे, 12 यूटीसीचा युरो तुमच्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास उतरायला लागतो.

पाच दिवसांच्या पलीकडे एकटा रन बघूच नका, एन्सेम्बल बघा, म्हणजे सुरुवात जराजरा बदलून केलेले अनेक रन. युरोचे 50 सदस्य, जीएफएसचे 30, शिवाय दोन्हीकडे एकेक कंट्रोल, म्हणजे सुरुवात न बदललेला रन. प्रश्न एवढाच विचारायचा: यातल्या किती जणांना शहरात 6 इंच दिसतायत? सहाच का, तर शहरात 12 तासांत 6 इंच ही नॅशनल वेदर सर्व्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याची, विंटर स्टॉर्म वॉर्निंगची पायरी आहे. पन्नासात सात-आठ जण हो म्हणत असतील, तर बाकी बेचाळीस जणांचंही ऐकायला नको का? वादळ तीन दिवसांवर आलं की त्याचा मार्ग बघा, दोन दिवसांवर 3 किलोमीटरच्या बारीक जाळीचा नॅम, शेवटच्या दिवशी दर तासाला निघणारा एचआरआरआर. ही दोन्ही जवळचा अंदाज देणारी अमेरिकन मॉडेलं.

आता ज्याच्यासाठी व्हिडिओ केलाय ते. दहास एक.

तो जांभळा नकाशा बनतो कसा? मॉडेल स्नोचे इंच देत नाही हो! मॉडेल पाणी देतं. आकाशातून जेवढं काही पडेल ते वितळवलं तर किती इंच पाणी भरेल, तो आकडा. वेबसाइट त्याला सरळ दहाने गुणते. 1.2 इंच पाणी, म्हणून 12 इंच स्नो. जानेवारीत, हवा कोरडी गार असताना, हे ठीक चालतं, कधी पंधरास एकही होतं. मार्चअखेर न्यूयॉर्कमध्ये स्नो शून्य अंशाच्या आसपास पडतो, ओला, जड, फावड्याला चिकटणारा. तिथे पाचास एक ते आठास एक धरा.

यावर दर वेळी कमेंट येते की मग कुचेरा नकाशा बघा. बघा, जरूर बघा. त्यात हवेच्या खालच्या थरांतलं सगळ्यात जास्त तापमान घेतात. ते उणे 2 सेल्सियस असेल तर गुणोत्तर 12, आणि त्याच्यावर चढलेल्या प्रत्येक अंशामागे 2 वजा. म्हणजे कमाल तापमान शून्य अंश असेल तर गुणोत्तर साधारण 8. त्याच 1.2 इंच पाण्याचे 12 वरून साडेनऊ इंच झाले. अजून जमिनीवर काही पडलेलंही नाही!

तेच आता दुसऱ्या बाजूने. ते 1.2 इंच पाणी सगळं स्नो म्हणूनच पडणार, हे कुणी सांगितलं? इथे स्लीट येतं. स्लीटला गारा म्हणू नका, मी हात जोडते. वळवाच्या पावसात आपल्याकडे पडतात त्या गारा उंच ढगात, वर चढणाऱ्या वाऱ्यावर थरावर थर चढून बनतात. स्लीट म्हणजे वरून निघालेला स्नो मधल्या उबदार थरात वितळतो, खालच्या गार थरात पुन्हा गोठतो, आणि साबुदाण्यासारखे टणक दाणे खिडकीवर ताडताड वाजतात. एक इंच पाण्याचं स्लीट जेमतेम दोन-तीन इंच भरतं. आणि बऱ्याच वेबसाइटच्या दहास एक नकाशात तेही स्नो म्हणून दहाने गुणलेलं असतं.

करा हिशोब. 1.2 पैकी पहिलं 0.3 इंच पाणी साध्या पावसात गेलं. 0.3 स्लीट, त्याचं पाऊण इंच. उरलेलं 0.6 स्नो, सातास एक, म्हणजे 4.2. एकूण पाच. नकाशा म्हणत होता बारा! वादळ तेच, मार्ग तोच, मॉडेलनं पाणीही अगदी बरोबर सांगितलं. तरी लोक म्हणणार, मॉडेल फसलं.

14 मार्च 2017 आठवा. शहरासाठी अंदाज होता 12 ते 20 इंच, ब्लिझर्डची, म्हणजे जोराच्या वाऱ्याच्या हिमवादळाची, वॉर्निंग लागलेली. केंद्र किनाऱ्याच्या जास्त जवळून गेलं, उबदार थर आत आला, स्लीट सुरू झालं आणि सेंट्रल पार्कात मोजले गेले 7.6 इंच. त्याच वादळात आतल्या बाजूच्या बिंगहॅम्टनला 30 इंचांहून जास्त. म्हणजे वादळ फुसकं नव्हतं. शहराच्या डोक्यावरचा एक थर उबदार होता, बस.

तो थर पकडायचा कसा? बहुतेक जण 850 हेक्टोपास्कलचं, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचं तापमान बघतात, उणे दिसलं की खूश. चूक! उबदार थर त्याच्याही वर, 800 ते 750 च्या दरम्यान बसलेला असू शकतो (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं माप, आकडा लहान म्हणजे उंची जास्त). म्हणून साउंडिंग उघडा, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतची तापमानाची रेघ. ती शून्याच्या रेषेला 925 ते 700 मध्ये कुठेही उजवीकडे, म्हणजे उबेकडे, ओलांडत असेल, तर जांभळा रंग विसरा. प्रत्यक्ष तापमान मोजणारा हवामानाचा फुगा लाँग आयलंडवरच्या अप्टनहून सुटतो, 00 आणि 12 यूटीसीला. मॉडेलची रेघ आणि फुग्याची रेघ शेजारी ठेवा. फुगा अर्ध्या अंशानेही गरम निघाला तरी दखल घ्या.

वादळ सुरू झाल्यावर हेच रडारवर बघायचं. नेहमीचं रंगीत रडार नको, कोरिलेशन कोइफिशंट नावाचं चित्र उघडा. सगळे कण एकसारखे असतील तर किंमत 1 च्या जवळ, वितळणारे-गोठणारे मिसळले की ती 0.95 च्या खाली घसरते आणि एक पट्टा उमटतो. तो पट्टा दक्षिणेकडून शहराकडे सरकताना दिसला की स्लीट येतंय. एक मेख आहे. अप्टनचं रडार मॅनहॅटनपासून नव्वदेक किलोमीटरवर, त्यामुळे त्याचा सगळ्यात खालचा झोत शहरावर येईपर्यंत सव्वा ते दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तिथे एमपिंग ॲपवर लोक जे कळवतात ते जास्त कामाचं.

आता तिसऱ्यांदा, जमिनीवरून. पाच इंच पडले, म्हणजे पाच इंच साचले का? 21 मार्चला न्यूयॉर्कमध्ये दुपारचा सूर्य 49 अंशांवर असतो, डिसेंबरअखेर तो 26 वर असतो. मार्चअखेरचं ऊन सप्टेंबरच्या मध्यातल्या उन्हाएवढंच. ढगाआडूनही ते डांबर तापवतं. हलका स्नो दुपारी चार तास पडला तरी रस्ता नुसता ओला. तोच पहाटे पडला तर पांढरा. 2 एप्रिल 2018 ला सेंट्रल पार्कात 5.5 इंच भरले ते पहाटेपासून सकाळपर्यंत पडले म्हणून.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘वसंतातलं ऊन आहे, काही साचत नाही’ असं ठासून लिहिणाऱ्यांसाठी 6 एप्रिल 1982. सेंट्रल पार्कात 9.6 इंच, आणि यांकीज या बेसबॉल संघाचा मोसमातला घरचा पहिला सामना पुढे ढकलावा लागला होता. ध्रुवाकडची हवा खोलवर उतरली होती आणि स्नोचा जोर मोठा होता. जोर हाच मुद्दा आहे. तासाला एक इंच पडायला लागला की ऊन हरतं. शिवाय जोराचा स्नो वितळताना हवेतली उष्णता ओढून घेतो आणि आपल्यापुरती हवा स्वतःच गार करतो. म्हणून एकूण इंच बघू नका, तासाला किती आणि कुठल्या तासाला ते बघा.

तशीच एक नेहमीची कमेंट: बाहेर 40 फॅरनहाइट आहे, स्नो कसला पडतोय? ड्यू पॉइंट बघितला का, म्हणजे हवा किती गार झाली की दव धरेल ते तापमान? तो 20 असेल तर हवा कोरडी आहे. पाणी पडून बाष्पीभवन झालं की तापमान घसरणार. पटकन काढायचं तर दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश तापमानातून वजा करा, 33 च्या आसपास येतं, आणि पाणी गोठतं 32 ला. आता बोला. आणि ड्यू पॉइंट 38 असेल तर छत्री घ्या.

एडिसनकरांसाठी वेगळं. शहराचा आकडा तुमचा नाही. 7 मार्च 2018 ला सेंट्रल पार्कात जेमतेम तीन इंच, आणि न्यू जर्सीच्या आतल्या उंच भागात काही ठिकाणी दोन फूट. समुद्रापासून थोडं आत, थोडं उंच गेलं की खालचा थर पुरेसा गार असतो. मॉरिस काउंटीतल्या मावशींचा फोटो बघून जर्सी सिटीत फावडं विकत घेऊ नका.

विमानाचं: इंचांवर अडू नका, वारा आणि दृश्यमानता बघा. ताशी 35 मैलांचा वारा आणि पाव मैलाखाली दृश्यमानता, सलग तीन तास, ही ब्लिझर्डची व्याख्या. त्यात इंच कुठेच नाहीत. आईबाबांचं तिकीट विमान कंपनीने फुकट बदलून द्यायला सुरुवात केली की बदलून टाका, नकाशाची वाट बघू नका.

शेवटी मापायचं कसं. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूड, वर पांढरा रंग. भिंतीपासून, झाडापासून लांब, सपाट ठेवा, आदल्या रात्रीच. मोटारीच्या टपावर मोजायचं नाही, गवतावर नाही, वाऱ्याने साचलेल्या ढिगावर तर नाहीच. इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचा. पाटी पुसायची ती सहा तासांतून एकदाच, दर तासाला पुसून बेरीज केली तर आकडा फुगतो. मार्चमध्ये स्नो थांबल्या थांबल्या वाचा, जेवून आलात तर इंचभर गेलेला असतो. जमलं तर पाटीवरचा स्नो गोल डब्याने उभा कापून, वितळवून, त्याच डब्यात पाणी किती भरतं ते मोजा. तुमचं खरं गुणोत्तर तिथे कळेल.

कमेंटमध्ये गाव, वेळ, स्नोचे इंच आणि पाण्याचे इंच लिहा. ‘भरपूर पडला’ लिहिलंत तर मी विचारणारच, दहास किती?