घर नसलेल्या टीमची गोष्ट: मेक्सिको सिटीचे कापितानेस

नमस्कार मंडळी. सकाळी साडेसहाला तुमच्या घरात काय चाललेलं असतं? चहा उकळत असतो, दूधवाला येऊन गेलेला असतो, कोणीतरी डबा भरत असतं. माझ्या घरात त्या वेळेला मोबाईलवर बास्केटबॉलची मॅच लागलेली असते, कारण मेक्सिको सिटीत तेव्हा आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आपल्यात आणि त्यांच्यात साडेअकरा तासांचं अंतर. टीमचं नाव कापितानेस, म्हणजे कॅप्टन लोक. आणि आज मला तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगायची आहे, कारण ह्या टीमनं एक सीझन शहराचं नाव छातीवर लावून खेळून काढला आणि त्या सीझनमध्ये त्या शहरात एकही मॅच खेळली नाही.

पण थोडं मागून सुरू करू. मेक्सिको म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे फुटबॉल येतो, बॉक्सिंग येतं, आणि ते बरोबरच आहे. पण 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आलं ना, तेव्हा ब्राँझ मेडल मेक्सिकोनं जिंकलं होतं, पोलंडला 26-12 नं हरवून. एवढा कमी स्कोअर ऐकून नवल वाटेल, पण मॅचेस उघड्यावर होत्या, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, आणि फायनलच्या दिवशी तर पाऊस पडून चिखल झालेला, बॉल आपटला तरी वर येईना. तर ह्या खेळाशी त्या देशाचं नातं इतकं जुनं आहे. तिथल्या वाहाका राज्याच्या डोंगरात गावोगाव बास्केटबॉल कोर्ट आहे, फुटबॉलच्या मैदानाएवढी सपाट जागा डोंगरात मिळणार कुठून. मग 1997 मध्ये ओरासियो ल्यामास नावाचा सिनालोआ राज्यातला उंच पोरगा फिनिक्सकडून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळला, मेक्सिकोत जन्मलेला पहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एनबीएची पहिली रेग्युलर सीझन मॅच मेक्सिको सिटीत झाली, डॅलस विरुद्ध ह्यूस्टन.

मेक्सिकोची स्वतःची प्रोफेशनल लीग 2000 पासून चालू आहे. कापितानेस त्यात तसे उशिरा आले, 2017 मध्ये. राहायला जागा मिळाली ती 1968 च्या ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलसाठी बांधलेल्या जिममध्ये, पाच हजारांच्या आसपास माणूस बसेल एवढी. तिचं नाव हुआन दे ला बारेरा. 1847 मध्ये अमेरिकन सैन्य मेक्सिको सिटीत घुसलं तेव्हा चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर जे कॅडेट लढता लढता मेले, त्यांच्यातला हा एक. त्या पोरांना तिकडे 'निन्योस एरोएस' म्हणतात, बालवीर, शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो. तर अशा नावाच्या जिममध्ये ही टीम उभी राहिली आणि पहिल्याच सीझनला थेट फायनलला गेली. मेहिकालीच्या सोलेस टीमनं हरवलं. पुढच्या वर्षी परत फायनल, ह्या वेळेला मोंतेरेच्या फुएर्सा रेहियानं हरवलं. लागोपाठ दोन वेळा कप हातातून गेला. मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण लोक म्हणतात पुढे अमेरिकेच्या लीगनं राजधानीचं शहर बघून ह्यांना उचललं. शहर मोठं आहेच, पण टीमपण खेळत होती हो.

आता 12 डिसेंबर 2019. ही तारीख मेक्सिकोत ग्वादालूपेच्या मातेचा दिवस, लाखो माणसं चालत, सायकलवर, काही तर गुडघ्यावर सरकत तिच्या देवळात येतात, आपल्याकडच्या आषाढीला पंढरपुरात काय वातावरण असतं ते आठवा. त्याच दिवशी, त्याच शहरात एनबीएचे कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी जाहीर केलं की कापितानेस आता जी लीगमध्ये खेळणार. जी लीग म्हणजे एनबीएच्या खालची पायरी, जिथून पोरं वर जातात. अमेरिका आणि कॅनडाच्या बाहेरची एकही टीम तोपर्यंत त्यात नव्हती. दोनच महिने आधी एनबीए आपल्या मुंबईत वरळीच्या डोममध्ये येऊन दोन मॅचेस खेळून गेली होती, पण ते पाहुणे म्हणून. तिकडे मात्र कायमचं घर मांडायचं ठरलं. आणि जी लीगमधल्या बहुतेक टीमच्या मागे एखादी एनबीए टीम उभी असते, कापितानेसच्या मागे कोणी नाही, प्लेअर आपले आपण शोधायचे.

सुरू व्हायचं होतं पुढच्याच सीझनला. आणि आला कोविड.

एक सीझन तर गेलाच. 2021 च्या नोव्हेंबरात शेवटी खेळायला मिळालं, पण बॉर्डर, टेस्ट, प्रवास ह्या सगळ्यामुळे घरी खेळता येईना, म्हणून टीमनं मुक्काम ठोकला टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये आणि सीझनच्या फक्त पहिल्या भागात खेळली, सगळ्या मॅचेस दुसऱ्यांच्या गावात. म्हणजे बघा, दर मॅचला तुम्ही पाहुणे, दर मॅचला प्रेक्षक समोरच्यांचे, टाळी पडली की समजायचं आपल्या विरुद्ध बास्केट झाली. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर नुसती रिंग होती, जाळी नव्हती, पण कट्ट्यावर आपली पोरं बसून ओरडायची, त्याच्यावर अर्धी मॅच निघायची. ते ओरडणंच नसेल तर कसं खेळत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून तेव्हा जात नव्हता.

नोव्हेंबर 2022 ला ते घरी आले. घर म्हणजे आता अरेना सिउदाद दे मेहिको, बावीस हजारांच्या आसपास सीट. ही जागा आस्कापोत्साल्कोमध्ये आहे, पूर्वी तिथं शहराचा कत्तलखाना होता. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र असतं, वाचता न येणाऱ्यालाही उतरता यावं म्हणून, आणि अरेनाच्या जवळच्या फेरेरिया स्टेशनचं चित्र आहे गाईचं डोकं. कत्तलखाना गेला, अरेना आला, स्टेशनच्या नावाला अरेनाचं नाव जोडलं, पण ते गाईचं डोकं तसंच आहे. मला हे फार आवडतं. ह्याच अरेनात 2013 ला सॅन अँटोनिओ आणि मिनेसोटाची एनबीए मॅच सुरू व्हायच्या आधी जनरेटर बिघडला, आत धूर भरला आणि मॅच रद्द करावी लागली, लोक आलेले परत गेले. त्या जागेला आता स्वतःची टीम मिळाली. अमेरिकेत जी लीगच्या मॅचला कित्येक ठिकाणी दोन-तीन हजार लोक असतात, इथं त्याच्याहून खूप जास्त गर्दी यायला लागली, ढोल, शिट्ट्या, घरची सगळी मंडळी बरोबर.

आणि एक गंमत हवेची. शहर समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही जवळपास सहाशे मीटर वर. हवा विरळ, तिथं दुसऱ्या टीम येऊन पळायला लागल्या की चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरला बघा, हात गुडघ्यावर, तोंड उघडं, आणि कापितानेसचे मात्र अजून पळतायत.

ह्वान तोस्कानो-अँडरसनचं सांगायलाच पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या ओकलंडचा पोरगा, आईकडून मेक्सिकन. एनबीएत कोणी घेईना तेव्हा मेहिकाली, काम्पेचे, मोंतेरे असं मेक्सिकोतल्या टीममधून खेळत राहिला, मग आपल्याच गावाजवळ एनबीएच्या वॉरियर्स टीममध्ये शिरला आणि 2022 ला चॅम्पियन झाला. 2023 मध्ये टीम नव्हती तर परत मेक्सिकोत आला, कापितानेसची जर्सी घातली, आणि थोड्याच दिवसात एनबीएच्या सॅक्रामेंटोनं त्याला वर बोलावून घेतलं. तो गेला ह्याचं मला वाईट वाटलं, पण त्यासाठीच तर ही टीम आहे.

एनबीएची खरीखुरी टीम मेक्सिको सिटीला मिळेल का, ह्याची चर्चा सिल्व्हर स्वतः अधूनमधून करतात. मिळाली तर मला आनंदच आहे. पण सध्या माझं मन ह्याच पोरांमध्ये अडकलंय. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, तिकडे संध्याकाळी सातची मॅच म्हणजे इकडे सकाळचे साडेसहा. चहा ठेवा आणि लावून बघा.