एकास छप्पन्न: पॉम्पेईतला एक रस्ता

[दृश्य: जेवणाच्या टेबलावर मांडलेला रस्ता, वरून. कॅमेरा हळूहळू कौलांच्या उंचीवर येतो.]

हा रस्ता इटलीतल्या प्राचीन रोमन शहराचा, पॉम्पेईचा. व्हिया देल्लाब्बोन्दान्झा. फोरमच्या चौकातून निघतो आणि थेट पूर्वेला, सार्नो दरवाज्यापर्यंत जातो. नाव आधुनिक आहे. एका कारंज्यावर कोरलेली देवी समृद्धीची, म्हणजे अबुंदान्तिया, असं वाटून उत्खनन करणाऱ्यांनी ते दिलं आणि तेच रूढ झालं.

या रस्त्याच्या दक्षिणेकडचा घरादुकानांचा एकच गट मी बांधलाय. पुरातत्त्वाच्या नोंदीत तो ‘पहिला विभाग, आठवा गट’ असा आहे. एवढ्याला सात महिने लागले.

टेबलावरची माणसं २८ मिलिमीटरची आहेत. वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळायच्या छंदात, या मापाला साधारण एकास छप्पन्न हे प्रमाण धरतात. हिशोब सोपा आहे: तिथले ५६ सेंटीमीटर, इथला १ सेंटीमीटर. सगळं काम होईपर्यंत हा एकच आकडा डोक्यात ठेवायचा.

लहानपणी दिवाळीचा किल्ला केलेल्या कुणालाही हे काम परकं वाटणार नाही. पोत्यावर चिखल थापायचा, अळीव पेरून हिरवळ उगवायची, कुंभाराकडचे मावळे मांडायचे. महाराजांची मूर्ती किल्ल्याच्या दरवाज्यातून कधीच आत गेली नसती, पण त्यात कुणाला वावगं वाटत नसे. या खेळातही दरवाजे मापापेक्षा थोडे उंच ठेवावेच लागतात, कारण सैनिक गोल चकतीवर उभा असतो आणि चकतीची जाडी त्याच्या उंचीत मिळते. दरवाजा सोडला तर बाकी सगळीकडे मी माप पाळलंय.

[दृश्य: नेपल्सच्या संग्रहालयातलं भित्तिचित्र. वरून दिसणारं अँफिथिएटर, पायऱ्यांवर मारामारी.]

खेळ आहे इसवी सन ५९ चा. त्या वर्षी लिव्हिनेयस रेग्युलस नावाच्या माणसानं पॉम्पेईच्या अँफिथिएटरमध्ये ग्लॅडिएटरांचे सामने भरवले. शेजारच्या नुसेरिया गावचे लोकही बघायला आले होते. इतिहासकार टॅसिटसनं क्रम सांगितलाय: आधी टोमणे, मग दगड, मग तलवारी. पॉम्पेईकर घरच्या मैदानावर होते, त्यांची सरशी झाली. जखमींना रोमला नेण्यात आलं, प्रकरण सम्राट नीरोपर्यंत आणि तिथून सिनेटकडे गेलं, आणि असे खेळ भरवायला पॉम्पेईला १० वर्षं बंदी झाली. रेग्युलस हद्दपार झाला. त्या दंगलीचं चित्र पॉम्पेईतल्याच एका घराच्या भिंतीवर होतं. आता पडद्यावर दिसतंय ते तेच.

माझ्या खेळात नुसेरियाची एक टोळी पळताना चुकीच्या दिशेला, शहराच्या आत, सापडली आहे. तिला सार्नो दरवाजा गाठायचाय आणि सगळा रस्ता तिच्या अंगावर आलाय. ही टोळी माझ्या कल्पनेतली आहे. रस्ता मात्र कल्पनेतला नको होता.

इथेच पहिली मोठी अडचण आली. पॉम्पेई म्हणून आपण जे बघतो ते इसवी सन ७९ चं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं गाडलेलं शहर. दंगल त्याच्या २० वर्षं आधीची. आणि मधे, ६२ साली, मोठा भूकंप होऊन गेला. आजच्या फोटोंत भिंतींवर विटांची ठिगळं दिसतात, त्यातली कित्येक त्या भूकंपानंतरची डागडुजी आहे. मी पहिल्या दोन भिंतींवर ती ठिगळं फार प्रेमानं कोरली होती, एकेक वीट बॉलपेनच्या टोकानं दाबून. वर्ष नक्की झालं त्या रात्री दोन्ही भिंती बाजूला काढल्या आणि नव्यानं कापायला घेतल्या. वर्ष ठरवल्याशिवाय एकही भिंत कापू नका, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

[दृश्य: कटर, लोखंडी पट्टी, निळसर फोमची पाटी.]

भिंतींसाठी इन्सुलेशनचा घट्ट फोम वापरतो, एक्स्पीएस. पांढरा थर्माकोल चालत नाही, त्याचे मणी सुटतात आणि कड सरळ येत नाही. चिकटवायला फेविकॉल. एकदा घाईत मी रंगाचा पहिला हात स्प्रेच्या डब्यातून मारला. स्प्रेमधल्या सॉल्व्हंटनं फोम खाल्ला. दहा सेकंदांत एका घराच्या दर्शनी भागाची जाळी झाली. तेव्हापासून आधी फेविकॉल आणि काळा अ‍ॅक्रिलिक रंग एकत्र करून ब्रशनं लावतो, पूर्ण वाळू देतो, त्यानंतर बाकी सगळं.

आता गिलावा. रोमन घर बांधताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात, मीही केल्या. आपण भग्न पॉम्पेईचे फोटो बघतो, त्यात दगड उघडे दिसतात, म्हणून मॉडेलवरही दगड कोरत सुटतो. पण दगड उघडे पडलेत ते गिलावा पडून गेल्यामुळे. माणसं राहत होती तेव्हा त्या भिंती लिंपलेल्या, रंगवलेल्या होत्या. म्हणून मी वॉल पुट्टी पातळ करून दोन हात देतो आणि पॉलिश पेपर फिरवतो. दगड दाखवायचा तो फक्त कोपऱ्यावर, जिथे गाडीचा आस घासून पोपडा उडाला असेल.

रंग आपल्या गावाकडच्या घरांसारखाच: खाली गेरूचा पट्टा, वर चुना. पांढरा रंग बाटलीतला तसाच कधी लावायचा नाही. त्यात पिवळ्या मातीच्या रंगाचा थेंब पडला की चुना वाटतो, नाहीतर प्लॅस्टिक वाटतं. आणि सगळीकडे लालच नको. पिवळी माती तापवली की लाल होते, हे रंगाचं काम करणाऱ्याला माहीत असतं. व्हेसुव्हियसच्या उष्णतेनंही तेच केलं: आज लाल दिसणाऱ्या काही भिंती मुळात पिवळ्या होत्या. माझ्या रस्त्यावर म्हणूनच दोन घरांचे पट्टे पिवळे आहेत.

भिंतीच्या पायाशी पातळ तपकिरी रंगाचा वॉश, साधारण १ सेंटीमीटर उंचीपर्यंत. म्हणजे तिथे अर्धा मीटर. या रस्त्यांवरून कारंज्यांचं वाहून आलेलं पाणी आणि घरांतली घाण वाहायची. पाय न भिजवता पलीकडे जाता यावं म्हणून मधे उंच दगड ठेवलेले असत आणि दगडांच्या फटींतून गाड्यांची चाकं जात. काळ्या लाव्हाच्या फरसबंदीत चाकांच्या खाचा आजही आहेत. या फरशा मी बुचाच्या शीटमधून एकेक वेड्यावाकड्या कापल्या. खाचा मात्र शेवटी, खऱ्या चाकासारख्याच घासून केल्या: गोल कानशीच्या टोकानं, त्याच ओळीवरून पुन्हा पुन्हा.

बूच हाती घेतलं की मला हटकून एक गोष्ट आठवते. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईची एकास शंभर प्रमाणातली प्रतिकृती आहे. पॉम्पेईचं उत्खनन चालवणाऱ्या ज्युसेप्पे फिओरेल्लीच्या काळात, १८६१ साली तिचं काम सुरू झालं. बूच, लाकूड, कागद. करणाऱ्यांनी खोल्याखोल्यांतली भित्तिचित्रं आणि फरशांवरची नक्षीसुद्धा रंगवली. त्यातली काही चित्रं मूळ भिंतीवरून ऊनपावसानं नाहीशी झाली आहेत, आणि ती कशी होती ते आज या बुचाच्या प्रतिकृतीवरूनच कळतं. मी बांधलेला गट त्यात नाही, तो तेव्हा राखेखालीच होता. या रस्त्याचं मोठं उत्खनन १९११ पासून व्हित्तोरियो स्पिनाझ्झोलानं केलं, आणि त्यानं वरचे मजले, सज्जे, छपरं कोसळू न देता जागच्या जागी सावरून धरायचा प्रयत्न केला. पॉम्पेईच्या रस्त्यावर माणसाच्या डोक्यावर काय होतं, हे आपल्याला कळतं त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

आणि खेळात डोक्यावर काय आहे यालाच महत्त्व असतं. सज्जात दोन माणसं आणि दगडांचा ढीग असला की खालची टोळी भिंतीला चिकटून चालू लागते. त्यामुळे प्रत्येक सज्जावर २५ मिलिमीटरची चकती नीट बसेल एवढी जागा मी ठेवली. उतरत्या कौलांवर सैनिक घसरतो, तिथे कुणाला उभं करत नाही.

[दृश्य: कौलांचा क्लोजअप. ब्रश कोरडा, कागदावर पुसलेला.]

कौलांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रोमन छप्पर दोन प्रकारच्या कौलांचं असतं. खाली सपाट, कडा उचललेलं कौल, आणि दोन सपाट कौलांच्या सांध्यावर उपडं घातलेलं अर्धगोल, आपल्या नळीच्या कौलासारखं. यासाठी बाजारात तयार पत्रे मिळतात, पण मला वाण्याकडच्या खोक्याचा पुठ्ठा जास्त आवडतो. वरचा कागद पाण्यानं ओला करून सोलला की आतली पन्हळ उघडी पडते. जाड खोक्याच्या पन्हळी ७ ते ८ मिलिमीटरच्या अंतरावर असतात. छप्पन्ननं गुणा: ४० ते ४५ सेंटीमीटर. रोमन कौलाच्या रुंदीच्या इतकं जवळ जाणारं माप फुकटच्या खोक्यात सापडलं, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना ते खोकं दाखवत फिरलो होतो.

पन्हळीच्या आडव्या, १ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापायच्या. वळचणीकडून सुरुवात, आढ्याकडे चढत जायचं, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर थोडी चढवायची. अर्धगोल जरा जास्त उंच दिसतात, ते बोटानं हलके दाबायचे. फेविकॉलचा पातळ हात दिला की पुठ्ठा कडक होतो. मग विटकरीच्या तीन छटा कालवून एकेक कौल वेगळं रंगवायचं. एका छपरावर साधारण ४०० कौलं. शेवटी कोरड्या ब्रशनं फिकट मातकट रंग नुसता वरून फिरवायचा, म्हणजे उंचवटे उजळतात आणि खोबणी अंधारात राहतात.

[दृश्य: छप्पर उचललं जातं. खाली दुकान.]

हे खाद्यपेयांचं दुकान. वेटुटियस प्लॅसिडसच्या नावानं ओळखलं जातं. काटकोनी ओटा, त्यावर रंगीत संगमरवराचे तुकडे, ओट्यात बसवलेले मातीचे रांजण. उत्खननात एका रांजणात जवळपास ३ किलो नाणी मिळाली. उंबरठ्याच्या दगडात लांब खाच आहे: दुकान बंद करताना लाकडी फळ्या त्या खाचेत एकापुढे एक सरकवायच्या. जुन्या पेठांमधून दुकानाच्या फळ्या लावताना ज्यांनी बघितलंय त्यांना आणखी काही सांगायला नको. फळ्या मी खऱ्या, सुट्या केल्यात. खेळात दुकानदाराची पाळी आली की तो दोन फळ्या लावू शकतो.

मागच्या भिंतीवर दुकानाचा देव्हारा. मधे घराचा कुलपुरुष, त्याच्या दोन्ही बाजूंना घराचे राखणदार देव, एका टोकाला व्यापाराचा देव मर्क्युरी, दुसऱ्या टोकाला मद्याचा देव डायोनिसस, खाली दोन साप. तीन शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून, तीन रात्री. ५९ साली हा देव्हारा असाच रंगवलेला नसणार, हे मला कळतं. तरी केला.

बाहेरच्या भिंतीवर निवडणुकीच्या घोषणा. पॉम्पेईत अशा अडीच हजारांवर घोषणा मिळाल्या आहेत. भिंतीला चुना फासायचा आणि लाल किंवा काळ्या रंगात उमेदवाराचं नाव लिहायचं. पुढच्या निवडणुकीला त्यावर पुन्हा चुना. मिळालेली बहुतेक नावं शेवटच्या वर्षांतल्या उमेदवारांची आहेत, ती माझ्या ५९ मध्ये चालणार नव्हती. मी फक्त ओ, व्ही, एफ ही अक्षरं लिहिली: ‘याला निवडून द्या ही विनंती’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं. वर चुन्याचा अर्धपारदर्शक हात, त्यावर परत तीच अक्षरं. जवळून बघितलं तर खालची पुसट दिसतात.

[दृश्य: शेजारच्या घराचं छप्पर उचललं जातं. भिंग लावलेला कॅमेरा.]

आता याच गटातलं हे घर. इथे १९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरीला एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. भारतीय स्त्री, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. ती आज नेपल्सला आहे, आणि घराला नाव पडलंय ‘भारतीय मूर्तीचं घर’. त्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनच्या उत्खननांत मिळाल्या आहेत. दख्खनच्या बाजारपेठांतून किनाऱ्यावर, तिथून जहाजानं इजिप्त, आणि पुढे हा रस्ता. हा गट मी निवडला तो यासाठी.

मूर्ती २५ सेंटीमीटरच्या आसपास आहे. भागिले छप्पन्न: साडेचार मिलिमीटर. दाढ साफ करायच्या काडीच्या टोकातून कोरली, मोडली, पुन्हा कोरली. देव्हाऱ्यासारखाच इथेही मी वर्षाचा हट्ट धरला नाही. आतल्या खोलीत, लाकडी पेटीशेजारी ती उभी आहे. त्या खोलीत खेळाचा एकही नियम लागू होत नाही, कुणी तिथे लपत नाही, कुणी लढत नाही.

छप्पर परत ठेवतो. पहिली पाळी नुसेरियाची.