वेड पांघरलेलं गाव

बॅटमॅनचं गॉथम सगळ्यांना माहितीये. पण खरं गॉथम आहे इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या दक्षिणेला, छोटंसं खेडं, आणि गावातले लोक उच्चार करतात 'गोटम', कारण नावाचा मूळ अर्थच मुळी शेळ्यांची वस्ती. इंग्रजीत कुणी तुम्हाला 'गॉथमचा शहाणा' म्हटलं तर खूश होऊ नका हां, आपल्याकडे दीडशहाणा म्हणतात ना, तसलं कौतुक आहे ते.

दंतकथा अशी, की किंग जॉन, म्हणजे ११९९ ते १२१६ चा राजा, या गावावरून जाणार होता. राजा जिथून जाईल तो रस्ता कायमचा सरकारी व्हायचा म्हणे, आणि डागडुजी मात्र गावाच्या माथी. गावकरी म्हणाले नको रे बाबा. मग राजाची माणसं पाहणीला आली तर काय बघतात, तळ्याकाठी ही गर्दी, आणि सगळे मिळून एका वाम माशाला पाण्यात बुडवून मारतायत! का, तर पैदास व्हावी म्हणून यांनी तळ्यात खारवलेले मासे सोडले होते, ते सगळे यानंच खाल्ले असणार, म्हणून ही शिक्षा. थोडं पुढे काही जण एका झुडपाभोवती कुंपण घालत होते, आत कोकिळा, ती अडकली की वसंत संपणारच नाही. कोकिळा भुर्रकन उडाली, तर म्हणतात, अरे कुंपण ठेंगणं पडलं. माणसं आल्या पावली परत!

आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जातात, इथे अख्खं गावच वेड पांघरून घरी बसलं.

सोळाव्या शतकात या गोष्टींची पुस्तिकाच निघाली. त्यात बाराजण मासे धरून परततात, मोजतात तर अकराच, कारण जो मोजतो तो स्वतःला धरतच नाही, आणि मग बुडालेल्या भावासाठी रडारड. आपल्या वेदान्तात दहा जण स्वतःला न मोजता दहावा माणूस शोधत बसतात, ती गोष्ट हीच की!

पुढे १८०७ मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकानं 'साल्मागुंडी' या नियतकालिकात न्यूयॉर्कवाल्यांना चिडवायला त्यांच्या शहराला गॉथम म्हटलं, नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि तिथून ते कॉमिक्समध्ये गेलं. बॅटमॅन रात्रभर ज्या शहरावर पहारा देतो, त्याचं नाव असं शेळ्यांवरून आलंय, हे मला भारी वाटतं.

आणि त्या गावाजवळच्या टेकडीला अजूनही ककू बुश हिल म्हणतात, म्हणजे कोकिळेच्या झुडपाची टेकडी. कुंपण तेवढं नाहीये.